नाही म्हणायची पंगत

रविवार, ११ जानेवारी

संक्रांतीचे तीळ भाजत होते, तेवढ्यात बर्मिंगहॅमहून भाऊजींचा फोन. मिलिंदचे थोरले बंधू. फोन मिलिंदला, पण आवाज सगळ्या घराला. फेब्रुवारीत त्यांची साठी, तिथीनं शनिवारी येते, २१ ला. हॉल नको, केटरर नको, मंडळातली दोनशे तोंडं नकोत. मनात म्हटलं, वा, शहाणे झाले. पुढचं वाक्य: साठ दिव्यांचं ओवाळणं स्कॉटलंडात, केर्नगॉर्मच्या डोंगरमाथ्यावर, बर्फात. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवरून मंत्र म्हणणार. मुहूर्त बाराच्या आतला.

मिलिंद: "वा दादा."

मी विचारलं, कुठल्या वाटेनं? भाऊजी: "अगं वाट कसली? महाबळेश्वराएवढीसुद्धा उंची नाही त्याची."

खरं आहे. पण महाबळेश्वराला फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी लागतात.

वर जाणार चौघं. भाऊजी, मिलिंद, मी, आणि केतकी. केतकी म्हणजे सुलभावहिनींची भाची, स्लाऊला सॉफ्टवेअरमध्ये, येऊन अजून वर्ष नाही झालं. वहिनी खाली कॉटेजमध्ये पुरणपोळ्या करणार. हे वहिनींना कुणी विचारलेलं नाही.

तीळ करपले.

बुधवार, १४ जानेवारी

आज गुडघ्याची केस. मी भूल दिली, सर्जन हात धुऊन आले, सुरी लावायच्या आधी नेहमीसारखे सगळे थांबलो. नाव, बाजू, ॲलर्जी. नवीन नर्स आहे एक, अजून कपाटं शोधत फिरते बिचारी. ती म्हणाली, "सॉरी, मला पायावरचा बाण दिसत नाहीये." नव्हताच. दुसरा पाय उघडा करून ठेवला होता. बदललं, पुन्हा तपासलं, पुढे गेलो. सर्जन तिला थँक यू म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

भाऊजी स्वतः हाडांचे सर्जन. त्यांच्या थिएटरमध्ये रोज हेच होतं. तिथे सगळ्यांत ज्युनिअर पोरीचं "थांबा" त्यांना चालतं. घरात धाकट्या भावजयीचं चालत नाही. गाऊन उतरवला की कायदा बदलतो.

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हे कळून चुकलंय. मिलिंद बांधणार नाही. दादामुळे आपण या देशात आलो, हे त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

शनिवार, २४ जानेवारी

ट्रान्सीव्हर भाड्यानं आणले, चार; अंगावर बांधायचे, बर्फाखाली गाडलेल्याचा माग दाखवणारे. फावडी, आणि बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब काठ्या, प्रोबही. मिलिंदला पार्कात नेलं. एक ट्रान्सीव्हर डब्यात घालून पाल्याच्या ढिगात पुरला आणि म्हटलं, शोध. ही मी आहे.

सुरुवातीला हसत होता. बाण दाखवेल तिकडे चालायचं, आकडा कमी होत जाईल, मग खाली वाकून चौफुलीसारखं शोधायचं. एका लॅब्रडॉरनं त्याच्या आधी डबा काढला. कुत्र्याची मालकीण म्हणाली, "ओह, आर यू लुकिंग फॉर समथिंग?" मी म्हटलं, "माय वाइफ, ही सेज." तिला कळलं नाही. मिलिंदला कळलं. दुसऱ्या खेपेला हसला नाही.

येताना गाडीत म्हणाला, "एवढं खरंच लागेल?"

मी म्हटलं, हे सगळं चुकल्यावर लागतं. चुकायचं नाही, हे खरं काम. त्याला उपकरण लागत नाही, तोंड लागतं.

रविवार, १ फेब्रुवारी

मीच फोन केला भाऊजींना. नीट, शांतपणे. आधी तिळगूळ पोचला का वगैरे. मग मुद्दा.

मागच्या दोन हिवाळ्यांत मी स्कॉटलंडला जाऊन हे बर्फातलं चालणं शिकले, ते त्यांना ठाऊक आहे. "अनघाचा छंद" म्हणतात त्याला. मी सांगितलं: तुम्ही ठरवलेली वाट कोरीतून, म्हणजे डोंगराच्या पोटातल्या खोलगट वाटीतून, सरळ तीव्र उतारानं वर चढते. वारा नैऋत्येचा असला की बर्फ उडून नेमका त्याच उतारावर येऊन पडतो आणि थापलेल्या भाकरीसारखा बसतो. एका कडेला तडा गेला की अख्खी भाकरी सुटते, वरच्या माणसासकट. दुसरी वाट धारेवरून आहे, रुंद, वाऱ्यानं झाडून काढलेली. लांब आहे. कंटाळवाणी आहे. तिथून जाऊ.

"त्या वाटेनं मुहूर्त गाठता येईल?"

"नाही."

"मग?"

मग काय? डोंगराला मुहूर्त कळत नाही, म्हटलं. हे जरा जोरात म्हटलं गेलं.

हसले. "अगं, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. तुझं तर पोळलंही नाही आणि तू फुंकत बसलीयेस."

तेव्हा सुचलं नाही. भांडी घासताना सुचलं. त्या उतारावर पोळलं, तर फुंकायला तोंड राहत नाही.

मागून वहिनींचा आवाज ऐकू आला, "ती म्हणते ते ऐका तरी." फोन ठेवला गेला होता की नव्हता, कळलं नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर गाडी. नॉटिंगहॅमहून आम्ही दोघं, वाटेत गाणी लावली. कॉटेज छान, कौलारू, चुलीला लाकडं रचून ठेवलेली. भाऊजी-वहिनी आणि केतकी आधीच पोचलेले. वहिनींनी घरून पाटा नाही पण पुरणयंत्र आणलंय. केतकीचे बूट भाड्याचे, बर्फात रुतणारे लोखंडी दाते, क्रॅम्पॉन, बसतात त्यावर, मी बसवून पाहिले. तिनं विचारलं, "काकू, ॲव्हलांच म्हणजे मूव्हीत दाखवतात तसं ना, वरून ढग येतो?" मी म्हटलं, बहुतेक वेळा तो बर्फाचा लोट आपल्याच पायाखाली सुटतो. आपणच सोडतो त्याला. पोरीनं बूट खाली ठेवले. घाबरवायचं नव्हतं तिला. की होतं?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

वारा नैऋत्येचा. दिवसभर बर्फ. बर्फ सुटण्याचा अंदाज आला संध्याकाळी: उत्तर ते पूर्वेकडचे तीव्र उतार, धोका "कन्सिडरेबल". पाचातली तिसरी पायरी. भाऊजींना तिसरी ऐकून बरं वाटलं. "म्हणजे मधली. ॲव्हरेज." माझी मोराग, जिनं मला शिकवलं, ती म्हणायची की माणसं फसतात ती इथेच, पाचवीला कुणी घरातून निघतच नाही. हे सांगितलं. भाऊजी म्हणाले, "अनघा, मी हिमालयात ट्रेक केलेत." केलेत. पुढे वाटाड्या, मागे खेचर.

जेवताना मी एक नियम मागितला. मोरागचाच. उद्या डोंगरावर दर टप्प्यावर प्रत्येकानं बोलायचं आणि लहानापासून सुरुवात. मोठा शेवटी. कुणी एकानं नाही म्हटलं, तर सगळे मागे. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही.

"लहानापासून?" भाऊजी.

"पंगतीत नाही का, पोरांना आधी वाढतो."

"पंगतीत वाढतो. पंगत कुठे बसायची, हे पोरांना विचारत नाही."

सगळे हसले. मिलिंदही. वहिनी हसल्या नाहीत, त्या वरण वाढत होत्या.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सगळे सुखरूप आहेत. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं रागानं लिहिता येईल.

कार पार्कवर वारा एवढा, की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. चौघांचे ट्रान्सीव्हर तपासले. भाऊजींनी "तुझ्या समाधानासाठी" म्हणत लावून घेतला. चालेल. तिथून मी पुन्हा म्हटलं, धारेनं जाऊ, मुहूर्त चुकला तर चुकला. "आधी आत जाऊन बघू तरी," भाऊजी. बघायला हरकत नव्हती. कोरीच्या तळापर्यंत सपाट आहे.

आत पोचलो आणि वारा गायब. डोंगराच्या त्या मोठ्या खोलगट कुशीत एकदम शांत. केतकी म्हणाली, "इथे किती छान आहे ना, काकू." छान होतं, कारण वारा वरून येऊन पाठीवरचं सगळं ओझं इथेच टाकत होता. कड्यावरून पांढरा धूर उडत होता. पाऊल टाकलं की बुटापासून हातभर तडा पुढे पळत होता. मी खड्डा खणला, वरचा थर दोन्ही हातांनी ओढला, तर तो पाटीसारखा अख्खा निघून माझ्या मांडीवर आला. खाली साखरेसारखा सुटा बर्फ. उताराचा कोन मोजला, छत्तीस अंश. घसरायला जसा लागतो, तसाच.

मिलिंदला ती पाटी दाखवली. त्यानं हात लावून पाहिलं.

म्हटलं, आता विचारा. लहानापासून. केतकीनं तोंड उघडलं, आणि भाऊजी म्हणाले, "हे बघा, उतार बघा, एक पाऊलखूण आहे वर गेलेली, म्हणजे कुणीतरी गेलंय. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आज माझा दिवस आहे. चला." मग केतकीकडे वळून, "काय गं?"

"काका म्हणतील तसं."

"मिलिंद?"

मिलिंद बर्फाकडे बघत होता. "जाऊया हळूहळू," म्हणाला.

मी म्हटलं, "मी नाही. आणि एक नाही म्हणजे सगळे नाही, हे काल ठरलंय."

"तू ठरवलंस," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही. "नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये, अनघा. तू थांब इथे. आम्ही येतो जाऊन."

मला हात धरून ओढता आलं असतं मिलिंदला. नाही ओढलं. ओरडले मात्र. एकेकानं जा, मध्ये अंतर ठेवा, एक सुरक्षित जागी पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकू नका. भाऊजींनी हात वर केला, ऐकलं म्हणून. आणि तिघं निघाले, एकामागे एक, चिकटून, बोलत.

मी बाजूच्या खडकाळ उंचवट्यावर उभी राहिले. फावडं जोडलं. प्रोब हाताशी. मनात तिघांचा क्रम घोकत होते, वर कोण, मध्ये कोण, कारण शेवटचं कुठे दिसलं ते लक्षात ठेवावं लागतं. मध्ये मिलिंद होता. आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती, आणि इतका राग आला नव्हता. दोन्ही एकदम येतात, हे माहीत नव्हतं.

पोचले. वरून भाऊजींनी काठी हलवली. उतार जसा होता तसा.

मी खाली आले. कॉटेजमध्ये वहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या, हाताला पीठ. मला एकटीला बघून त्यांचा चेहरा जो झाला, तो लिहीत नाही. "सगळे वर पोचले," हे मी दारातूनच ओरडून सांगितलं. त्या खाली बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सकाळपासून एक पोळी धड झाली नाही माझी."

ते परत आले धारेच्या वाटेनं. होय, माझ्या वाटेनं. उतरायला ती सोपी पडली म्हणे. खुशीत. फोटो. पण ओवाळणं झालंच नाही. बॅटरीचे दिवे मांडले, तर वाऱ्यानं निम्मे उडवले, आणि गुरुजी संकल्पाला लागणार तोच थंडीनं फोन बंद पडला. वहिनींनी शेवटी घरात ओवाळलं, तेलाच्या दिव्यांनी. भाऊजी पाटावर बसले होते, लाल झालेल्या नाकानं, लहान मुलासारखे खूश. मला त्या क्षणी ते आवडतात, हाच घोळ आहे.

मग पोळीवर तूप घेताना: "काय सेफ्टी ऑफिसर, झालं का काही?"

"नाही झालं."

"मग?"

मी म्हटलं, "भाऊजी, पेशंट जेवून आलाय आणि खोटं बोलला. मी भूल दिली. काही झालं नाही. उद्यापासून सगळ्यांना जेवायला घालून टेबलावर घेऊ का?"

भाऊजी म्हणाले, "ते वेगळं."

वेगळं नाही. उतारानं तुम्हाला पास केलेलं नाही. त्यानं तुमचा पेपरच तपासला नाही. एवढं बोलून मी ताट उचललं. वाईट दिसलं असेल. दिसू दे.

रविवार, २२ फेब्रुवारी

परतीची गाडी. मिलिंद: "दादाच्या साठीला असं बोलायला नको होतं."

मी: "दादाच्या साठीला तू बर्फाखाली जायला नको होतंस."

"गेलो का?"

लँकेस्टरला सर्व्हिसेसवर, हायवेच्या थांब्यावर, त्यानं माझ्यासाठी न विचारता कॉफी आणली. घेतली. माफ केलं नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

फॅमिली ग्रुपवर फोटो फिरतायत. पुण्याहून, नागपूरहून अंगठे. "साठीत एव्हरेस्ट." मिलिंदच्या मामेबहिणीनं विचारलं, अनघा दिसत नाही? भाऊजींचं उत्तर: "ती बेस कॅम्प सांभाळत होती." सोबत हसरा चेहरा.

सगळ्या जगाला वाटतंय, मी घाबरले आणि ते जिंकले. पुरावा माझ्याकडे नाही. तो उतार परवा सुटला असेल किंवा वितळून ओढ्याला जाईल, मला कधी कळणार नाही. पुरावा हवा असेल, तर तिघांपैकी कुणीतरी जायला हवं होतं. असला पुरावा नको मला. बिनपुराव्याचीच बरोबर आहे मी. जगा, हसा.

बुधवार, ४ मार्च

आज ऑन-कॉल नव्हता. मिलिंद भाजी चिरत होता. कोबी. चिरता चिरता थांबला आणि म्हणाला, "मधेच एकदा आवाज आला होता."

कुठे?

"त्या उतारावर. अर्ध्यात. हुप्प असा. आणि सगळं पायाखालून इंचभर खाली बसलं. आपण गादीवर बसतो ना, तसं."

मी सुरी त्याच्या हातातून काढून घेतली. मला माहीत आहे तो आवाज. मोरागनं शिकवलेल्या सगळ्या खुणांत ती एक अशी, की ऐकली तर दुसरं काही बघायचं नाही, निघायचं. थराखालचा थर मोडल्याचा आवाज तो.

"दादांनी ऐकला?"

"थांबला एक सेकंद. मग चालायला लागला."

"केतकी?"

"तिनं माझ्याकडे बघितलं."

"आणि तू?"

"मी दादाकडे."

म्हणजे तिघांनी ऐकला. तिघांनाही कळलं, काहीतरी चुकलंय. आणि तिघंही गप्प, कारण पुढचा चालत होता. मी खाली उभी राहून बर्फाला घाबरत होते. बर्फाचं सोडा, बर्फानं तर स्वच्छ सांगितलं होतं. माणसं बोलली नाहीत.

कोबी तशीच राहिली. त्याला रडू आलं, मग मलाही. जवळ घेतलं. आणि मग विचारलं, पुन्हा असं झालं तर बोलशील का? म्हणाला, "माहीत नाही गं."

खोटं हो म्हणाला असता, तर मी आज वेगळ्या खोलीत झोपले असते.

रविवार, २२ मार्च

पाडवा गुरुवारी झाला, पण सुट्टी आज, म्हणून बर्मिंगहॅमला सगळे. गुढी बाल्कनीत, खालचा पोलिश शेजारी दर वर्षी विचारतो, दर वर्षी फोटो काढतो. श्रीखंड, बटाट्याची भाजी. केतकी स्लाऊहून ट्रेननं आली.

जेवण झाल्यावर भाऊजी: ओवाळणं अर्धवट राहिलंय, ते मनाला लागलंय, ईस्टरला परत जायचं. तीच कॉटेज मिळतेय. या वेळी फोन खिशात गरम ठेवायचे.

मिलिंद सोफ्यावर हलला.

मी म्हटलं, "येते. एका अटीवर. लहानापासून."

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. आणि या वेळी विचारायचं मी, तुम्ही नाही. तुमची पाळी शेवटी. थिएटरमध्ये सुरी हातात असते, तेव्हा तुम्ही थांबता की नाही नर्ससाठी?"

"तिथे पेशंट असतो."

"इथेही आहे. मध्ये चालत होता."

मिलिंदकडे पाहिलंच नाही मी. भाऊजींनी पाहिलं. बराच वेळ. त्या एका सेकंदाचं त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. वहिनींनाही दिसलं असावं. त्या श्रीखंडाचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्यांनी ते टेबलावर ठेवलं, जरा आपटूनच.

भाऊजी म्हणाले, "बघू."

त्यांच्या शब्दकोशात "बघू" म्हणजे नाही. पण कॉटेज त्यांनी पाच जणांचीच घेतली.

शुक्रवार, ३ एप्रिल

पोचलो. मला वाटलं होतं, ईस्टरपर्यंत सगळं बसलेलं असेल, घट्ट, जुनं. दोन दिवस ताजा बर्फ पडलाय आणि वारा फिरलाय. उत्तरेचा. म्हणजे भरलेले उतार या वेळी दुसऱ्या बाजूचे. भाऊजींची कोरी कदाचित बरी असेल. माझी धार जिथे माथ्याला मिळते, तो शेवटचा दक्षिणेकडचा उतार लहान आहे, पण तीव्र आहे, आणि त्यावर आता बर्फाची उशी बसली असणार.

मजा आहे. दोन महिने मी धार, धार करत फिरले. उद्या कदाचित धारेलाच नाही म्हणावं लागेल, आणि भाऊजी म्हणतील, बघा, हिला कुठलीच वाट चालत नाही. म्हणू देत. नाही म्हणायला बसले, तर माझ्या लाडक्या वाटेलाही म्हणेन. ती काय माझ्या माहेरची आहे?

संध्याकाळी केतकी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. तिनं आपणहून विषय काढला. "काकू, तेव्हा मला बोलायचं होतं. पण काका एवढे हॅपी होते. बर्थडेला कोण नाही म्हणतं?" मी म्हटलं, उद्या पहिली तू. कुणी तुझ्या आधी बोलणार नाही, ते मी बघते. "आणि मला काय वाटतंय, तेच कळलं नाही तर?" तर तेच सांग, म्हटलं. कळत नाही म्हणजे नाही. त्या डोंगरावर दोन्हींचा अर्थ एकच.

शनिवार, ४ एप्रिल, सकाळी

अंदाज आला. तिसरीच पायरी.

भाऊजी खाली नकाशा पसरून बसलेत. मला हाक मारली त्यांनी मघाशी, उतारावर बोट ठेवून विचारलं, "इथे वारा कुठून लागेल?" एवढंच. मी सांगितलं. "हं," म्हणाले. त्याचा अर्थ काढत बसत नाही. साठ वर्षांचा माणूस एका पाडव्यात बदलत नाही, आणि बदलला तरी उतारावर जाईपर्यंत टिकेल, याची खात्री नाही. पिशवीत दिवे भरलेले आहेत. गुरुजींना आजची वेळ दिलेली आहे.

मिलिंदनं रात्रीच ट्रान्सीव्हरच्या बॅटऱ्या बदलल्या, मी न सांगता. सकाळी बुटाची नाडी बांधताना म्हणाला, "केतकीनंतर माझीच पाळी ना?" हो, म्हटलं, डोंगरावर माझ्याहून तूच लहान. नाडी सोडून परत बांधली. काय म्हणशील, ते विचारलं नाही. विचारलं असतं, तर मला हवं ते म्हणाला असता. मला हवं ते नको आहे. त्याच्या डोळ्यांना दिसेल, ते हवंय.

आत्ता वहिनी वर येऊन गेल्या, चहा घेऊन. दारातच थांबल्या. अंगात केतकीचं जास्तीचं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या. पुरण काल रात्रीच वाटून ठेवलंय, म्हणाल्या, आज चुलीपाशी काम नाही. मग म्हणाल्या, "कार पार्कपर्यंत येते मी. मलाही धर तुमच्या त्या पंगतीत."

"वहिनी, तुम्हाला वर चढायला जमणार नाही."

"वर यायला नाही जमणार. नाही म्हणायला जमेल."

पाच माणसं. केतकी, मिलिंद, मी, वहिनी, मग भाऊजी. एक नाही पुरे. तो माझाच असायला हवा, असा माझा हट्ट नाही. पण कुणाचाच आला नाही, तर माझा आहे, आणि या वेळी मी उंचवट्यावर उभी राहणार नाही. उताराच्या पायथ्याशी, वाटेत, आडवी उभी राहीन. जा म्हणावं मला ओलांडून.

खालून भाऊजी हाक मारतायत. "चला, चला."

"आधी केतकी," वहिनी जिन्यातून म्हणाल्या. इथे, घरातच. अजून बूटही घातले नाहीत कुणी.

खाली एकदम शांत झालंय. जाते.